जुन्या शर्टाची कॉलर बदलून मिळते का नाशकात? आणि आखूड जाड मानेला कुठली कॉलर चांगली?

सातपूरकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, वाचून सांगा प्लीज.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत आहे, आत्तापर्यंत प्रॉडक्शनला होतो त्यामुळे कपड्यांचा कधी विचारच करावा लागला नाही, कंपनीचा युनिफॉर्म घालायचा आणि निघायचं. आता मार्केटिंगला घेतलंय. रोज फॉर्मल, कस्टमर आला की टाय, आणि पुण्या-मुंबईला मीटिंग असली की वरून कोट. अडचण मानेची आहे. मान आखूड आणि जाड, वरचं बटण लावलं की गुदमरायला होतं, दुकानात ४२ नंबर घेतला तर गळा बसतो पण खांदे पार दंडावर येतात आणि ४० घेतला तर खांदे चपखल पण गळा लागतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांनी त्यांचे बरेच शर्ट मला दिले, सगळे शिवून घेतलेले, कॉटन आणि पॉपलिन, कापड इतकं छान आहे की आता तसं मिळत नाही. माप पण जवळपास माझंच आहे. पण निम्म्या शर्टांची कॉलर मागे दुमडते तिथे झिजून पांढरे धागे दिसायला लागलेत, आणि दोनेक शर्ट त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीचे आहेत त्यांची कॉलर पार छातीपर्यंत येणारी लांब टोकांची आहे, ती आज घालून कस्टमरसमोर जाता येणार नाही. टाकायला जीव होत नाही. बाबा म्हणतात पूर्वी टेलर कॉलर उलटी करून द्यायचे. अजून कोणी करतं का? की नवीनच लावायची? आणि लावायचीच असेल तर माझ्या मानेला कुठल्या पद्धतीची लावू? नेटवर गोल चेहरा, चौकोनी चेहरा असे तक्ते बघितले, प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय.

सुईदोरा:

दादा, आधी सांगते की एकही शर्ट टाकू नका. मी आयटीआयला कटिंग-सुइंग केलंय आणि इंदिरानगरला घरीच अल्टरेशनची कामं घेते, कॉलरीची कामं आजही येतात, कमी येतात पण येतात. शर्टात सगळ्यात आधी कॉलर आणि कफ जातात, बाकीचं अंग त्यानंतर कितीतरी वर्षं टिकतं, कारण मानेला घाम, दाढीचे खुंट आणि धुताना ब्रश हे तिन्ही त्या एकाच दुमडीवर घासतात. म्हणून पूर्वीचे टेलर कॉलर ही बदलायचीच गोष्ट आहे असं धरून शिवायचे, आणि उरलेलं कापड कात्रण म्हणून शर्टाबरोबर गिऱ्हाइकाला परत द्यायचे. आईला विचारा, घरात कुठेतरी बोचक्यात बाबांच्या शर्टांची कात्रणं निघतील, निघाली तर सोन्याहून पिवळं.

आता उलटवण्याबद्दल. कॉलरचे दोन भाग असतात, मानेला लागून उभी राहते ती पट्टी म्हणजे स्टँड, आणि त्यावरून खाली पडतं ते पान. पान स्टँडच्या दोन कापडांच्या मध्ये अडकवलेलं असतं. तर फक्त स्टँडच्या वरची टीप उसवायची, पान अलगद बाहेर काढायचं, त्याचा आणि स्टँडचा मध्य पेन्सिलने खुणावायचा, पान पालटून त्याच खाचेत परत बसवायचं आणि जुन्या टीपेवरूनच नवी टीप मारायची. झिजलेली बाजू खाली जाते आणि खालची कोरी बाजू वर येते. हुशार हाताला हे काम अवघड नाही पण उसवायला वेळ लागतो, आणि घाईघाईत ब्लेडने उसवलं की स्टँडचं कापड फाटतं, म्हणून ओळखीच्या माणसाकडेच द्या.

पण सगळे शर्ट उलटवता येत नाहीत हे लक्षात घ्या. पानाच्या खालच्या बाजूला टोकाशी प्लास्टिकची पट्टी सरकवायची खाच असेल तर उलटवल्यावर ती वर दिसणार. रेडीमेडमध्ये कधीकधी खालचं कापड मधे जोड देऊन तिरकं कापलेलं असतं, तो जोड वर येणार. आणि रंग! गडद निळा किंवा मरून शर्ट वर्षानुवर्षं उन्हात वाळून फिका झालेला असतो आणि पानाची खालची बाजू मात्र जशीच्या तशी गडद राहिलेली असते, उलटवली की अंग एका रंगाचं आणि कॉलर दुसऱ्या रंगाची दिसते. त्यामुळे पांढरे, क्रीम, फिकट निळे, बारीक रेघांचे शर्ट उलटवायला उत्तम. अजून एक म्हणजे चांगला टेलर खालचं कापड वरच्यापेक्षा सूतभर लहान कापतो, त्यामुळे टोकं आत वळून अंगाला बसतात, उलटवल्यावर तीच टोकं थोडी वर उचलायला बघतात. वाफेची इस्त्री दोन-तीनदा नीट मारली की बरीच बसतात, अगदी पूर्वीसारखी नाही.

तुमच्या त्या लांब टोकांच्या शर्टांचं काम उलट सोपं आहे. पान काढायचं, नव्या आकारात छोटं कापायचं आणि परत शिवायचं. मोठ्याचं लहान करता येतं, कापड आहेच. बाकी नवीन कॉलरला कापड कुठून आणायचं ते संध्याकाळी लिहिते, आत्ता एक ब्लाउज द्यायचाय.

कोर्टकचेरी:

सुईदोरा ताईंनी छान लिहिलंय. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो, आमच्या पोशाखात कॉलर अजूनही नियमाचा भाग आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात पुरुष वकिलांसाठी पांढरा शर्ट आणि पांढरी कॉलर, कडक किंवा मऊ, आणि पांढरे बँड, म्हणजे गळ्यापाशी लटकणाऱ्या दोन पट्ट्या, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्यातले बरेचजण बँड लावलेली तयार कॉलर वेगळीच घेऊन ठेवतात आणि कोर्टात जाताना गळ्यात अडकवतात, मळली की तेवढीच धुतात. हे बघूनच मला वाटतं की शर्ट एक आणि कॉलर दुसरी यात विचित्र असं काही नाही.

मुळात शंभर वर्षांपूर्वीपर्यंत युरोप-अमेरिकेत चांगल्या शर्टाची कॉलर सुटीच असायची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे, तिथल्या हॅना माँटेग्यू नावाच्या बाईंना १८२७ साली ही युक्ती सुचली असं मानतात, नवऱ्याचा शर्ट अंगात स्वच्छ असायचा आणि नुसती कॉलर मळायची, तर त्यांनी कॉलर कापून वेगळी केली, धुतली आणि परत जोडली. त्यावर पुढे त्या गावाचा सगळा धंदा उभा राहिला, गावाला कॉलर सिटीच म्हणायला लागले. आणि सातपूरकर, तुम्ही कारखान्यातले म्हणून मुद्दाम सांगतो, त्याच गावात कॉलरी धुणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या बायका उकळतं पाणी, ब्लीच आणि तापलेल्या इस्त्र्यांमध्ये दिवसभर राबायच्या. १८६४ साली केट मुलानी या तरुण मुलीने त्यांची युनियन काढली, संप केला आणि पगारवाढ मिळवली. गळ्यातल्या पांढऱ्याशुभ्र पट्टीमागे केवढे कष्ट होते बघा.

तेव्हा नवीन कॉलर बिनधास्त लावा. निळ्या किंवा रेघांच्या शर्टाला पांढरी कॉलर लावली तर ती फॅशन म्हणूनच ओळखली जाते, कापड जुळवत बसायची गरजच नाही. काही लोक त्याला कफ पण पांढरेच हवेत म्हणतात. माझ्या मते नसले तरी चालतं.

कॅम्पातला:

मानेबद्दल मी सांगतो. आमचं घर देवळाली कॅम्पला, घरात दोन पिढ्या शिवणकाम, फौजी गिऱ्हाईक जास्त. फौजी माणसाची कॉलर इकडची तिकडे झालेली चालत नाही, त्यामुळे माप घ्यायची सवय तशी लागलेली आहे.

चेहऱ्याचे तक्ते सोडून द्या. गोल चेहऱ्याची दोन माणसं समोर उभी करा, एकाची मान लांब आणि एकाची आखूड, दोघांना एकच कॉलर शोभणार नाही. बघायचं ते मान किती उंच दिसते आणि खांदे किती उतरते आहेत. आणि त्यावर काम करतो तो स्टँड, टोकं नाहीत. साधारण शर्टाचा स्टँड मागे सव्वा इंचाच्या आसपास असतो, लांब मानेच्या माणसाला दीड इंचापर्यंत चालतो, पण आखूड मानेला सव्वाचा स्टँड थेट हनुवटीखाली येतो आणि गुदमरल्यासारखं वाटतं ते त्याच्यामुळेच, गळा घट्ट असो वा नसो. तुम्ही मागे एक इंच आणि पुढे त्याहून थोडा कमी असा स्टँड करायला सांगा. सांगताना बोटाने दाखवू नका, आकड्यात सांगा. नाहीतर टेलर आपल्या नेहमीच्याच फर्म्यावर कापतो.

रेडीमेडचा नंबर ३९, ४०, ४२ असतो ना, मोठ्या ब्रँडच्या फॉर्मल शर्टात तो छातीचा नसून गळ्याचा सेंटीमीटरमधला आकडा असतो, ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा इंच, ४२ म्हणजे साडेसोळा. बाकीचा शर्ट त्या आकड्याच्या हिशोबाने सरासरी माणसाला धरून कापलेला असतो. तुमची मान सरासरीपेक्षा जाड आहे म्हणून खांदा आणि गळा जुळत नाहीत, त्यात तुमच्या अंगाचा काही दोष नाही. खांद्याला बसेल तो शर्ट घ्या, कारण खांदा अल्टर करणं म्हणजे बाही उसवण्यापासून सगळं आलं. गळा सूतभर कमी पडत असेल तर वरचं बटण कडेकडे सरकवून पाव इंच मिळतो. त्याहून जास्त सरकवलं की टायची गाठ मधोमध बसत नाही. म्हणून तुमच्यासारख्याने शिवूनच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. गळ्याचं माप कंठमण्याच्या खाली घ्यायचं, टेप आणि मानेच्या मधे दोन बोटं सहज जायला हवीत, आणि कॉटन असेल तर कापड आणि कॉलरच्या आतलं कॅनव्हासचं अस्तर दोन्ही आधी भिजवून वाळवून घ्यायला सांगायचं, नाहीतर दोन धुण्यात कॉलर आटते आणि परत तेच गुदमरणं.

टोकांचं विचाराल तर मध्यम स्प्रेड. टोकांची लांबी पावणेतीन इंचाच्या आसपास, टोकं एकमेकांच्या फार जवळ नाहीत फार फाकलेली नाहीत. टोकं एकदम बाजूला फाकलेली कटअवे कॉलर जाड मानेवर मान अजून रुंद करते, आणि एकदम छोटी कॉलर मोठ्या चेहऱ्याखाली पोराच्या शर्टाची वाटते. कोट घालणार आहात तर टोकं कोटाच्या कॉलरखाली जायला हवीत, मध्यम स्प्रेडची बरोबर जातात, अरुंद कॉलरची टोकं बाहेर तरंगतात. टायची गाठ साधी एकेरी बांधा, मोठी विंडसर गाठ तुमच्या गळ्याशी गर्दी करेल.

कॉलेजरोड_२४:

सर्वांचे मुद्दे पटले पण मला एक बाजू सांगायचीच आहे की रोज टाय कशाला? मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, त्यात बंद गळा आणि टाय म्हणजे शिक्षा आहे, कस्टमर येत नाही त्या दिवशी बटन डाउन घाला. टोकाला छोटी बटणं असतात त्यामुळे टाय नसली आणि वरचं बटण उघडं असलं तरी कॉलर लोळत नाही, नीट उभी राहते. ती आली पण खेळाच्या मैदानातूनच, इंग्लंडमध्ये पोलो खेळणारे घोड्यावर कॉलर तोंडावर उडू नये म्हणून टोकं बटणाने अडकवायचे, ते अमेरिकेच्या ब्रूक्स ब्रदर्सवाल्यांनी बघितलं आणि १८९६ च्या सुमारास विकायला आणली.

आणि आखूड मानेला अजून एक मस्त पर्याय म्हणजे पानच काढून टाकायचं, नुसता स्टँड ठेवायचा, चायनीज कॉलर. ज्या शर्टाचं पान झिजलंय पण स्टँड चांगला आहे त्याला तर हे फारच सोपं, पान काढून स्टँड बंद केला की शर्ट नवा. आमच्या कॉलेजात अर्धी मुलं असेच शर्ट घालतात. बाबांच्या लांब टोकवाल्या शर्टांना मात्र हात लावू नका राव!! मोठ्या कॉलरी परत आल्यात, क्यूबन कॉलरचे शर्ट बघा, गंगापूर रोडच्या प्रत्येक दुकानात टांगलेत.

कॅम्पातला:

चायनीजची आयडिया चांगली आहे पण एक सुधारणा, स्टँड आधीच एक इंचाचा असेल तरच करा. आखूड मानेला सव्वा इंची स्टँड नुसता उभा ठेवला तर अजूनच टोचतो, आणि पान गेल्यावर तो लपतही नाही. पुढची टोकं गोल कापून घ्यावी लागतात. आणि बटन डाउन टायवर लावू नये असं काही नाही, लावतात लोक, पण कोट आणि कस्टमर असेल त्या दिवशी साधी कॉलरच जास्त नेटकी दिसते. क्यूबन कॉलरला स्टँडच नसतो, ती उघडीच घालायची असते, बाबांच्या शर्टाची कॉलर ती नव्हे, ती स्टँडवाली पण लांब टोकांची आहे. ऑफिसात जायचं असेल तर कापूनच घ्या.

सातपूरकर:

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. आईने खरंच कात्रणं काढून दिली, चार शर्टांची निघाली. बाकीच्यांचं ताई तुम्ही सांगणार होता. आणि एक विचारायचं राहिलं, माझ्या रेडीमेड शर्टांच्या कॉलरवर धुतल्यावर फोड आल्यासारखे फुगे येतात, इस्त्रीवाल्याला सांगून बघितलं, जात नाहीत. बाबांच्या जुन्या शर्टांना असं कधीच झालेलं नाही. हे कशामुळे?

धागाधागा:

फुग्यांचं मी सांगतो, गारमेंट कंपनीत क्वालिटीला काम केलंय. कॉलर कडक राहावी म्हणून आत जे अस्तर असतं ते दोन प्रकारे बसवतात. एक पेस्टिंगचं, म्हणजे अस्तराच्या एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असतात आणि ते गरम मशीनमध्ये दाबून कापडाला चिकटवतात. दुसरं नुसतं शिवलेलं, कॅनव्हास कापडाच्या मधे ठेवून टीपेत धरलेलं. बाबांचे शर्ट दुसऱ्या प्रकारचे असणार. पेस्टिंग चांगलं आणि नीट तापमानाला दाबलेलं असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही आणि कॉलर एकदम गुळगुळीत दिसते, पण दाबताना उष्णता किंवा वेळ कमी पडला किंवा अस्तर आणि कापड वेगवेगळं आटलं की गोंद जागोजागी सुटतो आणि फुगे येतात. एकदा सुटला की इस्त्रीने तात्पुरता चिकटल्यासारखा वाटतो, पुढच्या धुण्यात परत येतो. त्या कॉलरचं पान बदलणं हाच उपाय.

शिवलेल्या कॅनव्हासची कॉलर तितकी आरशासारखी दिसत नाही, इस्त्री मन लावून करावी लागते, पण मऊ असते, घामात टोचत नाही, आणि मुख्य म्हणजे उसवून परत शिवता येते. नवीन लावाल तेव्हा टेलरला विचारा की पेस्टिंग लावणार की कॅनव्हास. तुम्हाला रोज घालायचं आहे, नाशिकचा उन्हाळा आहे, तर मी कॅनव्हासच म्हणेन.

धुताना पण थोडं बघा. कॉलरचा मळ म्हणजे घाम आणि त्वचेचं तेल, त्यावर साबणाची वडी घासून ब्रश मारला की मळाबरोबर धागेही जातात. धुवायच्या आधी थोडा शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड बोटाने चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तेल सुटतं, मग हाताने चोळलं तरी पुरतं. पांढऱ्या शर्टाला वारंवार ब्लीच नको, धागा कमजोर होतो. इस्त्री आधी कॉलरच्या मागच्या बाजूने, टोकाकडून मधे यायचं, मधून टोकाकडे गेलं की टोकाशी सुरकुती गोळा होते.

सुईदोरा:

आले परत. कात्रणं निघाली हे वाचून इतका आनंद झाला! फक्त ती आधी एक-दोनदा धुवून घ्या, नवं कोरं कापड जुन्या धुतलेल्या शर्टावर लावलं तर तेवढंच आटेल आणि रंगही उठून दिसेल.

ज्यांची कात्रणं नाहीत त्यांचं कापड शर्टातच लपलेलं असतं. खांद्यावर मागे जो आडवा भाग असतो तो दुहेरी कापडाचा असतो, आतलं कापड बाहेर दिसत नाही, ते काढून त्या जागी साधं पांढरं कॉटन लावायचं आणि निघालेल्या कापडातून पानाचा वरचा भाग बसतो. पानाचा खालचा भाग आणि स्टँडचा आतला भाग दुसऱ्या कापडाचा चालतो, कोणाला दिसत नाही. शर्ट नेहमी आत खोचणार असाल तर पाठीच्या खालच्या घेरातूनही पट्टा निघतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे ज्या शर्टाचे कफ पण गेलेत त्याच्या बाह्या कापून हाफ करायच्या, दोन बाह्यांच्या उरलेल्या कापडात अख्खी कॉलर आरामात होते. रेघांचं कापड असेल तर पानावर रेघा कशा हव्यात ते आधी सांगा, कापल्यावर काही करता येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. फिकट रंगाचे आणि खालून कोरे असलेले उलटवायचे. पण उलटवताना स्टँड तोच राहतो, म्हणून आधी बाबांचा शर्ट घालून वरचं बटण लावून आरशासमोर बसून बघा, उभं राहून नाही, बसल्यावर मान आत जाते. टोचला तर उलटवत बसू नका, स्टँडसकट नवीन करा आणि कॅम्पातल्या दादांनी दिलेला एक इंच लिहून द्या. लांब टोकांच्यातला एकच आधी कापून घ्या, घालून बघा, मग दुसरा. सगळे शर्ट एकदम कोणाकडेच देऊ नका, माझ्याकडेसुद्धा नाही, आधी एक देऊन हात बघायचा. मेन रोड-शालिमार भागातल्या जुन्या टेलरांना विचारत फिरलात तर करणारे मिळतील, दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर मात्र जाऊ नका, तेव्हा कोणी उसवायचं काम हातात घेत नाही.

सातपूरकर:

बसून बघितलं ताई. स्टँड खरंच टोचतोय, उभं असताना कळतच नव्हतं. म्हणजे उलटवायचं सोडून नवीनच करतो. बाबा पण शेजारी बसून वाचतायत, ते म्हणतात रेघा उभ्याच ठेव, आडव्या रेघांची कॉलर त्यांना आवडत नाही. आणि कफचं पण असंच उलटवता येतं का?

सुईदोरा:

येतं. साधा एका बटणाचा कफ असेल तर काज आणि बटणाची बाजू बदलेल ना, म्हणून जुनं काज बारीक टाक्यांनी बुजवून दुसऱ्या बाजूला नवं करावं लागतं, ती खूण जवळून दिसते. दुमडून घालायचा डबल कफ असेल तर काही प्रश्न नाही. उभ्या रेघांना खांद्याचं आतलं कापड लांबीला पुरतं का ते टेपने मोजून घ्या, कमी पडलं तर मधोमध जोड देऊन रेघा जुळवता येतात, मागे मानेवर तो जोड शोधावा लागतो.